सदुसष्ट गुण कुठे गेले?

१

"त्सुदा मुद्दाम हरला असं जिमचे काइचो म्हणतायत. आणि पुरावा माझ्याच फोनमधून गेलाय."

शनिवारी सकाळी विभाताई माझ्या दारात उभं राहून हे बोलल्या आणि तशाच आत आल्या, चपलांसकट. जपानमध्ये नऊ वर्षं काढलेली बाई चपला घालून घरात शिरते तेव्हा प्रकरण गंभीर असतं. मी चहाचं आधण ठेवलं.

आम्ही टोकियोच्या हिगाशी-कसाई भागात एकाच इमारतीत राहतो. विभाताई एका सॉफ्टवेअर कंपनीत आहेत. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून इथे पीएच.डी.ला आले. तळमजल्यावरच्या एका खोलीत त्सुदा राहतो. दिवसा समोरच्या कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, अर्धवेळ काम करतो, संध्याकाळी हिराओका जिममध्ये काइचोंच्या, म्हणजे जिमच्या प्रमुखांच्या, हाताखाली सराव करतो आणि शनिवारी आमच्यासारख्या हौशी लोकांना ठोसे मारायला शिकवतो. त्याच्या खऱ्या लढती एमएमएच्या. त्यात ठोसे, लाथा, कुस्ती, सगळं चालतं.

गेल्या रविवारी तो कुरोसे नावाच्या माणसाशी लढला. त्सुदा जिंकेल असं सगळ्यांना वाटत होतं. पहिली फेरी ठीक गेली. दुसऱ्या फेरीत कुरोसेने त्याच्या डाव्या पायावर खालून एक लाथ मारली, फार जोरात नाही, आणि त्सुदा कोसळला. पंचांनी लढत थांबवली.

"एवढ्याशा लाथेने कुणी पडतं का, असं लोक लिहायला लागले होतेच," विभाताई म्हणाल्या. "त्यात मी शहाणी. आपल्या खेळाचा निकाल जिमच्या ग्रुपवर टाकला. 'आमचे नंदूकाका ज्योतिषी आहेत' असं लिहून वर हसरा चेहरा. काइचोंनी तो वाचला."

"मग?"

"मग काय! त्सुदा दुसऱ्या फेरीत हरणार हे एका भारतीय गृहस्थाला आधीच माहीत होतं, आणि तो गृहस्थ त्सुदाच्याच इमारतीत राहतो. उद्या संध्याकाळी काइचो संयोजकांना कळवणार आहेत. कळवलं की त्सुदावर बंदी. तेविसाव्या वर्षी संपला तो पोरगा. कौमुदी, तू आकड्यांची माणूस आहेस ना? काहीतरी कर गं."

मी चहा गाळला. खरं सांगायचं तर डोक्यात एक प्रश्न वळवळायला लागला होता. नंदूकाकांना कळलं कसं?

२

आमच्या खेळाबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर नंदूकाकांच्या त्या अंदाजात विचित्र काय होतं ते कळणार नाही.

जपानमध्ये अशा लढतींवर पैसे लावणं बेकायदा आहे, आणि आम्ही सगळे व्हिसावर राहणारे. म्हणून अंबरीषदादाने पैशांविना खेळ काढला. तो पदार्थविज्ञानात पोस्टडॉक आहे, दुसऱ्या मजल्यावर राहतो. प्रत्येक स्पर्धेच्या दिवशी प्रत्येकाला शंभर गुण मिळतात. ते कुठे लावायचे ते पहिल्या लढतीआधी गुपचूप अंबरीषदादाला कळवायचं. भाव परदेशी संकेतस्थळांवरचे. त्सुदाचा भाव होता सव्वा, म्हणजे त्याच्यावर एक गुण लावला आणि तो जिंकला तर सव्वा परत. कुरोसेचा भाव चार. कुरोसे नेमक्या कुठल्या फेरीत लढत संपवेल हे सांगितलं तर भाव त्याहून कितीतरी जास्त.

पहिला येणाऱ्याला काही मिळत नाही. शेवटचा येईल त्याला मात्र पुढच्या स्पर्धेपर्यंत आम्हा चौघांची तोबान करावी लागते. तोबान म्हणजे इमारतीच्या कचऱ्याच्या जागेची पाळी. गाडी येऊन गेली की कावळ्यांसाठी पसरलेली जाळी घडी करायची, जागा धुवायची, आणि गाडीवाल्यांनी न उचलता ठेवलेल्या पिशव्यांचं काय ते बघायचं. ज्याची पाळी असेल त्याच्या दाराला एक लाकडी पाटी लटकते.

प्रत्येकाची पद्धत निराळी. अंबरीषदादाने वय, हातांची लांबी, डावखुरेपणा, ऐनवेळी बदललेला प्रतिस्पर्धी असं सगळं घालून एक मॉडेल केलंय. विभाताई दोघांचे कान बघतात. "कान चुरगळलेला म्हणजे कुस्ती मुरलेली," असं त्यांचं म्हणणं, आणि गंमत म्हणजे त्या बऱ्याचदा बरोबर येतात. मी कोण जिंकेल हे बघतच नाही. भाव कुठे चुकलाय एवढंच बघते. हलक्या वजनाच्या लढती बऱ्याचदा शेवटपर्यंत चालतात आणि लोक तरीही नॉकआउटच्या आशेवर गुण उधळतात. तिथे माझं फावतं.

आणि नंदूकाका. एका ट्रेडिंग कंपनीने पाठवलेले, पन्नाशीतले, बायको-मुलगी डोंबिवलीत. घराबाहेर पडताना गॅस दोनदा तपासणारे. ते प्रत्येक लढतीत दहा गुण लावतात, आणि तेही ज्याचा भाव सगळ्यात कमी त्याच्यावर. "मला झेपेल तेवढंच," म्हणतात. मी त्यांना कितीदा तरी सांगितलं होतं, "काका, सव्वा भाव म्हणजे पाचात चारदा जिंकायची शक्यता. कुरोसेचा चार, म्हणजे चारात एकदा. दोन्ही मिळून शंभर टक्क्यांच्या वर जातात. ते वरचे पाच टक्के भाव काढणारा खातो. तुम्ही हळूहळू हरणारच." काका मान डोलवत आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच करत. उन्हाळ्यापासून ती लाकडी पाटी त्यांच्या दारावरून हलली नव्हती.

अशा माणसाने कुरोसेवर, दुसऱ्या फेरीवर गुण लावले होते. आणि निकालात त्यांच्या नावापुढे तीनशे त्रेसष्ट होते.

३

आधी मी त्सुदाकडे गेले. लिफ्टशेजारी फलकावर एक सूचना लावलेली होती, लढतीच्या दोन आठवडे आधीपासूनची. सगळ्या सूचना जपानीत असतात. ही एकच इंग्रजीत होती. म्हणजे कुणासाठी ते लिहायची गरज नव्हती. 'कृपया कचरा नीट वेगळा करा.' खाली तारखेसह एक फोटो: पिवळा कागद चिकटवलेली, गाडीने नाकारलेली अर्धपारदर्शक पिशवी, आत निळे डबे आणि जांभळ्या रंगाचं कसलंसं वेटोळं. दर वेळेसारखं मला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. आमच्यापैकी कुणीतरी पुन्हा गोंधळ घातला असणार.

कोनबिनीत त्सुदा खालच्या फळीवर भाताचे त्रिकोण मांडत होता. उजव्या गुडघ्यावर बसला होता आणि डावा पाय काठीसारखा सरळ बाहेर काढलेला.

"पाय कसा आहे?"

"दाइजोबु," तो म्हणाला. ठीक आहे. माझा प्रश्न संपायच्या आत म्हणाला.

"लढतीतच लागलं?"

त्याने एक त्रिकोण उचलला, त्याच्यावरची तारीख वाचली आणि परत तिथेच ठेवला. "कौमुदी-सान, मी मुद्दाम हरलो नाही."

"माझा विश्वास आहे. पण काइचो विचारतील की नंदू-सानना कसं कळलं."

"ते मला मागच्या दाराशी भेटतात. सकाळी. 'गाम्बात्ते' म्हणतात, मी 'हाय' म्हणतो. एवढंच." मग जरा थांबून, "हल्ली ते गाम्बात्ते म्हणत नव्हते. 'मुरी शिनाइदे' म्हणायचे."

'हाय' म्हणजे नुसतं 'हो'. पण 'जोर लाव' याच्या जागी 'जिवाला जपून कर'. मी ते डोक्यात टिपून ठेवलं.

"तुझा पाय आधीपासून दुखत होता का?"

तो उठला. उठताना फळीला धरलं. "आता दुखतोय," तो म्हणाला, "आणि आता दुखतोय यावरून काही सिद्ध होत नाही. लाथ खाल्ली की दुखणारच. काइचोंनीही तेच सांगितलं."

पोराचं तर्कशास्त्र पक्कं होतं. पायाचं आजचं दुखणं लढतीतलं की त्याआधीचं हे कुणीच सांगू शकणार नव्हतं. लढतीच्या आधीचा पुरावा हवा होता, आणि तो स्वतः द्यायला तयार नव्हता. का, ते तेव्हा मला कळलं नाही.

४

दुकानातून बाहेर पडून मी पायरीवर बसले आणि विभाताईंनी पाठवलेला तो निकाल पुन्हा उघडला. 'नंदू: कुरोसे, दुसरी फेरी, ३६३.' बाकी काही नाही. अंबरीषदादा निकालात फक्त बरोबर आलेले अंदाज छापतो. चुकलेले दाखवले तर एकमेकांच्या पद्धती उघड्या पडतील असा नियम.

दुसऱ्या फेरीचा भाव अकरा होता. मी सहज भागाकार केला. तीनशे त्रेसष्ट भागिले अकरा. तेहतीस.

तेहतीसच?

मी पुन्हा भागाकार केला. मग उठून सरळ दुसऱ्या मजल्यावर गेले.

"दादा, काकांनी फक्त तेहतीस गुण लावले होते दुसऱ्या फेरीवर."

अंबरीषदादा भांडी घासत होता. "मग? त्यांच्या मानाने ते पण खूपच आहेत."

"अरे, विचार कर ना. तुला पक्कं माहीत आहे, कुणी कानात सांगितलंय, की दुसऱ्या फेरीत पडणार. तू किती लावशील?"

त्याचा हात थांबला. "शंभर."

"अकराशे मिळाले असते. मग त्यांनी तेहतीसच का लावले? बाकीचे सदुसष्ट गुण कुठे गेले?"

"दुसऱ्या लढतींवर असतील."

"त्या दिवशी इतर लढतींत एकही कमी भाववाला हरला नाही. काकांनी नेहमीसारखं लावलं असतं तर त्यातलं काहीतरी निकालात दिसलं असतं. दाखव ना त्यांचा मेसेज."

"नाही हं. नियम म्हणजे नियम. तू कुणाचा अंदाज बघायचा नाहीस, मी दाखवायचा नाही."

"त्सुदाचं करिअर जातंय आणि तुला नियम सुचतोय?"

"नियम मीच केलाय ना, म्हणून सुचतोय," तो पुटपुटला. पण त्याने हात पुसले. "थांब. एक सांग. त्सुदाने खरंच लढत विकली नसेल कशावरून? लढतीआधीचे तीन आठवडे तो माझ्याबरोबर नीट लढतच नव्हता. नुसता पॅड धरून उभा राहायचा. मला वाटलं, लढतीसाठी ताकद राखतोय."

"डाव्या पायाने लाथ मारायचा?"

त्याने आठवून बघितलं. मग नकारार्थी मान हलवली, आणि फोन माझ्यापुढे धरला.

काकांचा मेसेज छोटा होता. कुरोसे, पहिली फेरी, तेहतीस. कुरोसे, दुसरी फेरी, तेहतीस. कुरोसे, तिसरी फेरी, तेहतीस.

"नव्याण्णव," अंबरीषदादा म्हणाला. "अजून एक राहिला."

मी मेसेज खाली सरकवला. शेवटची ओळ होती. त्सुदा, एक.

५

काकांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या अंगावर एप्रन होता. आत साबुदाण्याची खिचडी होत होती. "ये ये. जपानी शेंगदाणे आहेत, जरा गोड लागेल. सांभाळून घे."

मी बसले. ताट हातात आल्यावर म्हणाले, "काका, लावलेल्या गुणांवरून माणसाचं डोकं वाचता येतं. दहा लावणारा माणूस शंभर लावतो तेव्हा त्याला मत नसतं, माहिती असते. आणि कशी माहिती, तेही कळतं."

"खिचडी निवेल."

"लढत विकली आहे हे ज्याला माहीत असतं त्याला फेरी माहीत असते. तो एकाच फेरीवर लावतो. तुम्ही तिन्हींवर सारखे लावलेत. म्हणजे तुम्हाला एवढंच माहीत होतं की तो टिकणार नाही. कधी पडेल ते माहीत नव्हतं. तुम्हाला ठरलेला डाव माहीत नव्हता काका. तुम्हाला त्याचा पाय माहीत होता."

काका उठून गॅस बंद करायला गेले. तो आधीच बंद होता.

"अंदाज होता गं. माणसाला कधीतरी वाटतं, आज जोखीम घ्यावी."

"त्याचा पाय दुखतोय हे काइचोंना माहीत नव्हतं. दर शनिवारी त्याच्यासमोर उभ्या राहणाऱ्या अंबरीषदादाला कळलं नाही. मग तुम्हाला कुणी सांगितलं? त्सुदाने?"

"नाही." ते लगेच म्हणाले. "कुणी सांगितलं नाही. शपथ घेऊन सांगतो. त्या मुलाने मला एका शब्दाने काही सांगितलेलं नाही."

ते खरं बोलत होते, हे मला दिसत होतं. आणि तरी ते काहीतरी लपवत होते, हेही दिसत होतं. "काका, उद्या संध्याकाळी त्याच्यावर बंदी येणार आहे."

त्यांना ते माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. पण त्यांनी फक्त माझ्या ताटात अजून एक डाव खिचडी वाढली. मी खिचडी संपवली, ताट धुतलं आणि निघाले.

बाहेर येऊन दार लावलं तेव्हा ती लाकडी पाटी, सोमवारी दुसऱ्याकडे जायची म्हणून अजून तिथेच असलेली, हँडलवर आपटली. टक. दाराशेजारी काकांचे रबरी हातमोजे वाळत होते, आणि चिमटा, आणि झाडू. मी एका पायात बूट घातलेला, दुसरा हातात, अशी तिथेच उभी राहिले.

सकाळी. मागच्या दाराशी. त्सुदाने तेच सांगितलं होतं. मागच्या दाराशी आमच्या इमारतीत एकच गोष्ट आहे, कचऱ्याची जागा.

मी जिन्याने धावत खाली गेले, लिफ्टशेजारचा तो फोटो नीट बघितला, आणि धावतच वर आले. काकांनी दार उघडलं.

"काका, ती पिवळ्या कागदाची पिशवी आपल्यापैकी कुणाची नव्हतीच. होय ना?"

काका दाराच्या उंबऱ्यावरच खाली बसले.

६

"तीन आठवडे लागोपाठ आली," ते म्हणाले. "जळणाऱ्या कचऱ्याच्या दिवशी. गाडीवाले उचलत नसत, कारण आत फवाऱ्याचे डबे. ते गार करणारे, दुखऱ्या जागेवर मारतात ते. डबे जळणाऱ्या कचऱ्यात चालत नाहीत, पेट घेतात. माझी पाळी. मग मी पिशवी उघडून डबे वेगळे करायचो, बाकीचं पुढच्या गाडीला द्यायचो. आत वीतभर लांबीच्या, गुडघ्याच्या आकारात कापलेल्या पट्ट्या. आणि तो जांभळा टेप. जांभळा टेप हिराओका जिमशिवाय कोण वापरतं? आणि त्या जिमचा लढणारा माणूस आपल्याकडे एकच."

"त्याने डबे त्या पिशवीत का टाकले? इथलाच मुलगा आहे, त्याला नियम माहीत असणार."

"अगं, डबे वेगळे ठेवायचे तर आरपार दिसणाऱ्या पिशवीत ठेवावे लागतात. समोरून जिमची पोरं जातात. कुणी बघितलं तर काइचोंपर्यंत जाईल, आणि लढत रद्द. गेल्या वर्षी एकदा तशी रद्द झाली होती त्याची. म्हणून त्याने ते खाली दडपले. लपवायला गेला आणि नेमकी तीच पिशवी रस्त्यावर राहिली."

म्हणजे पाय आधीचाच दुखतोय हे सांगायचं तर काइचोंपासून लपवल्याचं कबूल करावं लागणार, म्हणून तो दुकानात बोलला नव्हता. "आणि सूचना आपल्या नावाने लागली."

"लागू दे की. आपल्याला सवय आहे."

मी त्यांच्या शेजारी बसले. "मघाशीच सांगितलं असतं तर?"

"काय सांगणार? की मी दुसऱ्याच्या कचऱ्यात बघतो? इथे लोक बाटलीवरचं वेष्टणसुद्धा दुमडून टाकतात. हे घर कंपनीच्या नावावर आहे. उद्या तक्रार गेली, भारतीय माणूस पिशव्या उघडून बघतो, तर?" ते थांबले. "आणि बघून मी गप्प बसलो असतो तर गोष्ट वेगळी. मी त्या माहितीवर गुण लावले. गंमत म्हणून. मला एकदा, एकदाच, शेवटचा यायचं नव्हतं."

"मग तो एक गुण?"

"शंभराला तिनाने भाग जात नाही ना. एक उरला." काकांनी एप्रनला हात पुसले. "तो हरावा असं मला थोडंच वाटत होतं."

७

रविवारी संध्याकाळी काका टाय लावून खाली आले. विभाताई दुभाष्या म्हणून बरोबर होत्या. मी त्या सूचनेचा कागद व्यवस्थापकांकडून मागून घेतला होता. त्यांनी कशाला हवा विचारलं. मी म्हटलं, अभ्यासासाठी.

आम्ही जिममध्ये पोचलो. हिराओका काइचो बुटके, रुंद, आणि त्यांचे कान चुरगळलेले होते. विभाताईंच्या नजरेतून ते सुटले नसणार. त्सुदा भिंतीशी उभा होता. मी आधी आकड्यांचं सांगितलं. एका फेरीवर शंभर लावले असते तर काय, तीन फेऱ्यांवर तेहतीस लावले तर काय. काइचोंनी भुवया आक्रसून ऐकलं.

"हुशार माणूस संशय येऊ नये म्हणूनही तीन ठिकाणी लावेल," ते म्हणाले.

ते बरोबर होतं. तेवढ्यात काका पुढे झाले आणि आपल्या मोडक्या जपानीत, विभाताईंची वाट न बघता बोलले. "मी कचरा उघडला. माफ करा. याची पिशवी. तीन वेळा." आणि कमरेतून वाकले.

मी सूचनेचा कागद जमिनीवर ठेवला. फोटोखाली तारीख होती, लढतीच्या दोन आठवडे आधीची. छापणारा इमारतीचा व्यवस्थापक. त्याला एमएमए म्हणजे काय हेही माहीत नसेल. पिशवीत निळे डबे, आणि जांभळं वेटोळं.

काइचो खाली वाकले. त्यांनी स्वतः घाऊक विकत घेतलेला टेप ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

"त्सुदा," ते म्हणाले. "पॅन्ट वर कर."

त्सुदाने केली. गुडघा होता, पण गुडघ्यासारखा दिसत नव्हता. आतल्या बाजूला पट्ट्यांनी सोललेल्या कातडीचे जुने, तपकिरी झालेले डाग होते. आठवड्याभराचे नव्हेत. हे मला कळलं म्हणजे काइचोंना केव्हाच कळलं असणार.

"विकलेला माणूस पाय वाचवतो," काइचो म्हणाले. "याने पाय घालवला." मग ते इतक्या जोरात ओरडले की विभाताईंनी भाषांतर करायचं सोडून दिलं. सारांश एवढा की संयोजकांना काही कळवलं जाणार नाही, आणि डॉक्टर लेखी देईपर्यंत त्सुदा जिममध्ये फक्त फरशी पुसेल. त्सुदा रडत होता आणि मान हलवून प्रत्येक शब्दाला हो म्हणत होता.

निघताना तो काकांसमोर आला. दोघंही एकमेकांपुढे वाकले, आणि आधी सरळ कुणी व्हायचं हे दोघांनाही कळेना.

८

खेळाच्या नियमात एक दोष आहे हे मी नंतर अंबरीषदादाला समजावलं. जो हरतो त्याला सगळ्यांचा कचरा बघावा लागतो, म्हणजे सगळ्यांत जास्त माहिती शेवटच्याकडे जाते. तुझ्या मॉडेलमध्ये हे कुठे आहे?

"ब्रिलियंट," तो म्हणाला. "काका, पद्धत म्हणून ही सगळ्यांत भारी आहे. माहिती मिळवणं हीच तर स्ट्रॅटेजी!"

"असेल," काका म्हणाले. "पण ती त्याने टाकली होती रे. दिली नव्हती. ते तीनशे त्रेसष्ट काढून टाक."

"मग तुम्ही शून्यावर. म्हणजे परत शेवटचे."

"एक राहू दे. त्सुदावरचा."

"काका, त्सुदा हरला. तो गुण तर गेलाच."

"राहू दे म्हटलं ना. पुढच्या लढतीला लागेल."

मंगळवारी न जळणाऱ्या कचऱ्याचा दिवस होता. मी विद्यापीठात जायला मागच्या दाराने निघाले तेव्हा काका जाळी उचलून धरत होते. त्सुदा कुबडी घेऊन हळूहळू आला. त्याच्या हातात एक छोटी, आरपार दिसणारी पिशवी होती. आतले निळे डबे लांबूनही मोजता आले असते. ती त्याने सगळ्यांत पुढे, रस्त्यावरून दिसेल अशी ठेवली.

काका तेवढा वेळ समोरच्या विजेच्या तारेवरचा कावळा बघत होते, अगदी मन लावून.

"ठेवली का?" त्यांनी विचारलं.

"हाय."

मग त्यांनी वळून जाळी पसरली. त्सुदाने दुसरं टोक धरलं. लिफ्टशेजारची सूचना तशीच होती. मी परत लावली होती. फक्त तिच्याखाली आता पेनने एक जपानी ओळ होती, तळमजल्यावरच्या रहिवाशाच्या वळणदार अक्षरात. फोटोतली पिशवी माझी आहे, क्षमस्व.

अंबरीषदादाने दुरुस्त केलेला निकाल त्या दिवशी ग्रुपवर आला. सगळ्यांत खाली होतं: नंदू, एक. तो गुण कुठल्याच नियमात बसत नाही. दादाने तो अजून खोडलेला नाही.